घोरण्याला हसू नका, ऐका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कोजागरी पौर्णिमेला गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



आजची रात्र जागायची. लक्ष्मी घरोघरी येते आणि "को जागर्ति", कोण जागं आहे, असं विचारते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिकडे दूध आटतंय, आणि अशा रात्री मी उभा राहून बोलणार आहे झोपेवर. सेक्रेटरी साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी "झोप" असं सांगितलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही बोलायला लागलात की लोक झोपतातच, त्यासाठी वेगळा विषय कशाला?" तेव्हा मसाला दूध मिळेपर्यंत तरी जागे राहा, एवढी विनंती करतो.

मी डॉक्टर नाही. हैदराबाद बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली. स्टेट बँक ऑफ हैदराबाद हे तिचं पूर्ण नाव, पण मराठवाड्यात तसं कोणी म्हणत नसे. जालना, अंबड, परतूर, भोकरदन अशा शाखा करून २०१२ साली निवृत्त झालो. २०१७ च्या १ एप्रिलला ती बँकच स्टेट बँकेत विलीन झाली. बँक गेली, पण कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय राहिली. आज मी जे सांगणार आहे तो माझ्या आणि आमच्या सौभाग्यवतींच्या झोपेचा हिशोब आहे. चुका माझ्या आहेत, त्या दुसऱ्या कोणी करू नयेत म्हणून सांगतो.

आपल्याकडे झोपलेल्या माणसाची चेष्टा करायची जुनी पद्धत आहे. कुंभकर्णापासून सुरू करा. आपल्याच जिल्ह्यातल्या जांब समर्थला जन्मलेल्या रामदास स्वामींनी दासबोधात निद्रेवर एक आख्खा समास लिहिला. आळस आणि जांभयांपासून सुरुवात करून झोपलेल्या माणसांच्या नाना तऱ्हा त्यांनी टिपल्या आहेत, वाचताना हसू येतं. आमच्या घरीही माझं घोरणं हा करमणुकीचा विषय होता. मुलगा म्हणायचा, बाबांचा ट्रॅक्टर सुरू झाला. आपला जुना वॉचमन म्हणायचा, "साहेब, तुमचा आवाज आला की मला धीर येतो, कोणीतरी जागं आहे असं वाटतं." आणि २०१९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऑडिट रिपोर्ट वाचला जात असताना मी पहिल्या रांगेत घोरलो, हे इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. रिपोर्ट एकमताने मंजूर झाला, त्यात माझंही मत धरलं होतं.

मी पण हसायचो. हसत नव्हती ती एकच व्यक्ती, जी शेजारी झोपायची.

ती मला सांगायची, "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो हो." मी म्हणायचो, "मग परत चालू होतो ना? झालं तर." हा माझा विनोद. असा विनोद मी तीन वर्षं केला.

त्या तीन वर्षांत काय काय चाललं होतं बघा. सकाळी उठलो की डोकं जड. रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं. मी प्रोस्टेट समजून बसलो. बीपीच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या तरी बीपी बसेना. पेपर वाचता वाचता मान खाली. चिडचिड तर विचारू नका, आणि विसरभोळेपणा एवढा की एकदा स्वतःची सही जुळते का हे पासबुकात बघावं लागलं. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे एकच उत्तर तयार होतं: वय झालं.

१६ फेब्रुवारी २०२२ ची सकाळ मला पक्की आठवते. टीव्हीवर बातमी आली की संगीतकार बप्पी लाहिरी आदल्या रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात गेले. वय ६९. त्यांना तब्येतीच्या इतरही तक्रारी होत्या, पण रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगितलं ते ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. सोन्याच्या साखळ्या आणि काळा चष्मा घातलेला तो माणूस, त्याचा जन्म १९५२ चा, माझाही १९५२ चा. मी विचारलं, हा ॲप्निया काय प्रकार आहे? निवेदिका सांगत होती की झोपेत श्वास थांबतो. सौ. काही बोलली नाही. आत गेली आणि दुधाच्या हिशोबाची डायरी घेऊन आली. मागच्या पानापासून उलटी उघडली. चार उभ्या रेघा आणि एक आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. अकरा पानं! एका रात्री दोन ते तीन या एका तासात चौतीस रेघा. काही रेघांपुढे आकडे: १८, २२, २५. श्वास थांबला की ती मनात आकडे मोजायची, आणि फार लांबलं की मला हलवायची. मी कूस बदलून परत झोपायचो, ती जागी. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिशोब तपासले, आणि माझ्या श्वासांचं लेजर माझ्याच घरात लिहिलं जात होतं. मी ते कधी पाहिलं नाही.

हा आजार असा आहे की ज्याला होतो त्याला कळत नाही. झोपेत आपल्या जिभेचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. कागदी स्ट्रॉने जोरात ओढलं की ती जशी चपटी होऊन चिकटते, तसा घसा चिकटतो. छाती-पोट श्वास घ्यायला धडपडतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून शरीराला हलवतो, स्नायू ताठ होतात, मोठा घुर्रकन आवाज होऊन श्वास चालू होतो. माणूस पूर्ण जागा होत नाही म्हणून त्याला सकाळी आठवत नाही. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की एक वेळ मोजतात. दर वेळी हृदयाला धक्का, दर वेळी बीपी वर. रात्रीची लघवी आणि सकाळची डोकेदुखी यांचाही संबंध याच्याशी असतो.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गळ्याला टेप लावली. ४३ सेंटिमीटर. मग आठ प्रश्न विचारले. ते तुम्हीही मनात विचारा. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत तुमचा श्वास थांबताना कोणी पाहिलं का? बीपी आहे का? वजन उंचीच्या मानाने खूपच जास्त आहे का? वय पन्नासच्या वर? गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर? आणि पुरुष आहात का? ही प्रश्नावली कॅनडातल्या डॉक्टरांनी २००८ साली तयार केली, जगभर वापरतात. तीन "हो" आले तर विचारून घ्यावं, पाच आले तर धोका मोठा. मला आठापैकी सात मिळाले. शाळेत असे मार्क कधी पडले नाहीत.

मग छत्रपती संभाजीनगरला एका छातीविकारतज्ज्ञांकडे एक रात्र मुक्काम. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. लग्नघराला लाइटिंग करतात तसा मी दिसत होतो. मला वाटलं अशात झोप कशी लागणार, पण लागली, आणि सगळं पकडलं गेलं. तासाला श्वास अडखळण्याची सरासरी मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. माझी आली ४१. सात तासांच्या झोपेत पावणेतीनशेहून जास्त वेळा. ऑक्सिजन सर्वांत खाली ७२ टक्क्यांपर्यंत गेला होता. सौ.च्या डायरीत एका तासाला चौतीस होत्या. तिची नोंद मशीनच्या जवळपास बरोबर निघाली. उरलेल्यांच्या वेळी तिला डुलकी लागली असणार.

आता उपाय. तीव्र आजाराला आजही पहिला उपाय म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र. टेबलावरच्या रेडिओएवढं असतं. नळीतून, नाकावरच्या मास्कमधून हलक्या दाबाने हवा येते आणि तो हवेचा दाब घसा मिटू देत नाही. ऑक्सिजन नव्हे बरं का, आपल्या खोलीतलीच हवा. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं आणि १९८१ मध्ये त्याची माहिती छापून आली. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणं. आपण कोणत्या काळात आजारी पडलो यालाही नशीब लागतं.

एप्रिल २०२२ मध्ये मी यंत्र घेतलं. दाब स्वतः कमी-जास्त करणारं, बावन्न हजारांना पडलं. आणि पुढची कबुली देताना मला लाज वाटते. ते यंत्र मी नऊ रात्री वापरलं. मास्कने नाकावर वळ उठले. तोंड कोरडं. हवा डोळ्यांत जायची. नातू म्हणाला, "आजोबा हत्ती झाले." दहाव्या रात्री मी ते पिशवीत घालून गोदरेजच्या कपाटावर ठेवलं. सौ.ला सांगितलं, वजन कमी करतो, प्राणायाम करतो, यंत्राशिवाय बरा होतो. डायरी परत सुरू झाली. पण या वेळी तिने मला ती दाखवली नाही.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झाला. आपल्या जालन्याहून शिर्डी एकदम जवळ आली. जानेवारीत आम्ही निघालो: मी गाडी चालवत, शेजारी सौ., मागे सून आणि सात वर्षांचा नातू. सरळ रस्ता, ना खड्डा ना वळण, बाहेर कोवळं ऊन. मला एवढंच आठवतं की "अहो!" अशी किंकाळी आली आणि स्टिअरिंगवर माझ्या हाताशिवाय आणखी एक हात होता. गाडी डाव्या कठड्यापासून हातभर अंतरावर. मी किती वेळ झोपलो होतो? तीन सेकंद असतील. ताशी शंभरच्या वेगाने तीन सेकंदांत गाडी त्र्याऐंशी मीटर जाते. आपल्या गेटपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत. एवढं अंतर मी माझं सगळं घर घेऊन झोपेत गेलो.

गाडी बाजूला घेतली. सून पुढे येऊन बसली आणि तिने चालवली. शिर्डीपर्यंत कोणी बोललं नाही. नातवाला वाटलं आजोबांनी मुद्दाम केलं, तो म्हणाला, "परत करा ना." परत आल्यावर रात्री मी स्टूल घेतलं आणि कपाटावरची पिशवी खाली काढली.

दुसऱ्यांदा मात्र मी बँकेत नवीन माणूस काम शिकतो तसं शिकलो. डॉक्टरांनी मास्क बदलून दिला. पूर्ण नाक झाकणाऱ्याऐवजी नाकपुड्यांना टेकणारा छोटा. हवेला ओलावा देणारी टाकी जोडली. सुरुवातीला दाब कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रातच असते, ती कशी वापरायची ते समजून घेतलं. आठ दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता मास्क लावून बसलो, म्हणजे नाकाला सवय होते. टाकीत आपलं बोअरचं पाणी घातलं तर चार दिवसांत पांढरा थर. म्हणून डिस्टिल्ड पाणी, तेही रोज बदलायचं. मास्क रोज पुसायचा, आठवड्याला नळी धुवायची. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर चालतं. महिन्याने बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली, रात्रीचं उठणं तीनवरून एकावर आलं. यंत्र सकाळी आकडे दाखवतं: किती तास, हवा किती गळाली, श्वास किती अडखळला. मी ते वहीत लिहितो. ४१ चा आकडा आता दोन-तीनवर असतो. हा ताळेबंद पाहून जो आनंद होतो तो कोणत्याही एफडीच्या व्याजाने झाला नाही.

एक खरं सांगतो. यंत्राने हृदयविकार हमखास टळतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१६ साली अडीच हजारांहून जास्त रुग्णांचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात दिवसाची झोप, घोरणं, मनाची अवस्था सुधारली. हृदयाचे झटके मात्र कमी झालेले दिसले नाहीत. पण त्या अभ्यासात लोक यंत्र रात्री सरासरी सव्वातीन तासच वापरत होते. यंत्र कपाटावर ठेवून फायदा होत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? निदान चार तास, आणि शक्यतो पूर्ण रात्र.

आता या भाषणातला माझ्यासाठी सर्वांत अवघड भाग.

मला नीट झोप लागायला लागली, तशी पहाटे नीट जागही यायला लागली. एके दिवशी साडेचारला उठलो आणि शेजारी शांतता ऐकली. सौ. उताणी झोपलेली. ती घोरत नाही, म्हणजे फार हलकं, मांजरीसारखं. पण मधेच ते थांबलं. मी आपोआप मोजायला लागलो. चौदा. परत चालू. मग अकरा. करोनाच्या वेळी घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये होतं, ते हळूच लावलं. ९५, ९३, ८९, ८६. मी पलंगावर उठून बसलो.

गेली सात-आठ वर्षं तिला सकाळी डोकेदुखी, दिवसभर थकवा, रात्री झोपमोड. आम्ही काय म्हणायचो? थायरॉईड आहे. पाळी गेल्यावर असं होतंच. काळजीचा स्वभाव आहे. वजन चोपन्न किलो, बारीक बांधा. या बाईला घोरण्याचा आजार असेल असं डॉक्टरांनाही आधी वाटलं नाही, कारण आठ प्रश्नांत तिला मोजके मार्क पडतात. बायकांमध्ये हा आजार असाच लपतो. गडगडाटी घोरणं नसतं; थकवा, डोकेदुखी, उदास वाटणं, झोप न लागणं असतं. पाळी थांबल्यानंतर प्रमाण वाढतं. आणि जाड माणसालाच होतो हाही गैरसमज. जबडा लहान किंवा मागे असेल तर बारीक माणसालाही होतो. तपासणीत तिचा आकडा १७ आला, त्यातला बहुतेक उताणी झोपल्यावरचा.

अकरा पानं भरून तिने माझे श्वास मोजले. तिचे मोजायला कोणी नव्हतं. मी शेजारीच होतो, पण घोरत.

तिला यंत्र नको होतं. "घरात एक हत्ती पुरे," म्हणाली. तिच्यामुळे मी बाकीचे उपाय शिकलो, ते सांगतो.

पहिला, कुशीवर झोपणं. ज्यांचा त्रास उताणी झोपल्यावरच वाढतो त्यांना याचा चांगला उपयोग होतो. जुन्या गाऊनला पाठीवर खिसा शिवायचा आणि त्यात टेनिस बॉल ठेवायचा. पाठीवर वळलं की टोचतो. नातवाचा बॉल मिळेना तेव्हा एक रात्र तिने मोसंबी ठेवली. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, पण सकाळी चादरीवर रस होता, तेव्हा बॉलच वापरा.

दुसरा, दातांवरची पट्टी. वरच्या आणि खालच्या दातांवर बसते आणि खालचा जबडा थोडा पुढे धरते, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. सौम्य आणि मध्यम आजाराला चालते. पण ती या कामातल्या दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावी, दात मजबूत हवेत, पूर्ण कवळी असणाऱ्यांना बसत नाही. सुरुवातीला जबडा दुखतो, लाळ सुटते. पट्टी लावून परत एकदा झोपेची तपासणी करायची, म्हणजे उपयोग होतोय का कळतं. सौ.चा आकडा पट्टी आणि कूस मिळून सहावर आला. डोकेदुखी गेली. सात वर्षांची डोकेदुखी!

तिसरा, वजन. दहा टक्के वजन उतरलं तर आकडा साधारण पाव हिस्सा कमी होतो. मी ८४ चा ७७ झालो, त्यामुळे यंत्राला कमी दाब लागतो. पण वजन उतरेपर्यंत यंत्र बंद ठेवायचं नाही, ही माझी चूक होती. वजन कमी करणारं टिर्झेपाटाइड नावाचं इंजेक्शन आहे. लठ्ठ आणि मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०२५ च्या मार्चपासून ते भारतातही मिळतं. महाग आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही.

चौथा, ऑपरेशन. टॉन्सिल खूप मोठे असतील तर फायदा होतो. नाकाचं हाड सरळ केल्याने मास्क सुसह्य होतो, पण फक्त त्याने आजार सहसा जात नाही. पडजीभ आणि मऊ टाळूचा भाग काढतात, त्याचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. जिभेच्या नसेला विजेचा हलका धक्का देणारं, पेसमेकरसारखं छातीत बसवायचं उपकरणही निघालं आहे, अमेरिकेत २०१४ पासून. ते पेन्शनरांच्या आवाक्यातलं नाही.

पाचवा, व्यायाम. जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि श्वास अडखळण्याचा आकडा तासाला चार-पाचने उतरला. अभ्यास लहान आहे, आणि माझ्या ४१ मधून पाच गेले तर ३६ उरतात. म्हणून शंख अवश्य वाजवा, पण यंत्र विकू नका. शेजाऱ्यांची परवानगी घ्या, नाहीतर तक्रार कमिटीकडे येईल.

आणि दोन गोष्टी करू नका. रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. झोप लागत नाही म्हणून कोणाची तरी गोळी मागून घेणारे आपल्यात आहेत, मी नावं घेत नाही.

बँकवाला असल्यामुळे पैशाचंही सांगतो. बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसींत या यंत्राचा खर्च मिळत नाही. बारीक अक्षरं आधी वाचा. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएसमधून मिळू शकतो, पण आधी परवानगी घ्यावी लागते. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने घेऊन बघा. कोणाचं जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतल्या फोमच्या दोषामुळे आपली कितीतरी यंत्रं परत बोलावली होती, तसलं एखादं गळ्यात पडेल. कोणतंही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा आणि यंत्र सोबत न्या.

तरुण आई-बाबांनो, लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, अभ्यासात लक्ष नसेल, तर "गाढ झोपतो हो" म्हणून सोडू नका. नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

शेवटचं. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा प्रत्येक घरात पाच-सहा माणसं होती. कोणीतरी रात्री पाणी प्यायला उठायचं, कोणाचं तरी कोणाकडे लक्ष असायचं. आता मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात. कित्येक फ्लॅटमध्ये एकच माणूस झोपतो. या पंचवीस वर्षांत आपल्यातली काही माणसं झोपेत गेली. आपण म्हणालो, भाग्यवान, कळलंसुद्धा नाही. मीही म्हणालो. आता ते शब्द सहज तोंडातून निघत नाहीत.

ज्यांच्या शेजारी कोणी आहे त्यांनी एक रात्र अर्धा तास जागं राहून ऐका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना ऐकवा. जे एकटे आहेत त्यांनी मुलं दिवाळीला येतील तेव्हा त्यांना एवढं एकच काम सांगा: आज माझ्या खोलीत झोप आणि कान दे. कोणाला तपासणीला जायची भीती वाटत असेल तर मी सोबत येईन, माझा दुसरा मजला सगळ्यांना माहीत आहे. मास्क कसा बांधायचा तेही दाखवीन. हत्ती दिसतो, पण चालतं.

लक्ष्मी विचारते, कोण जागं आहे? आमच्या घरी तीन वर्षं एक बाई जागी होती, हातात पेन्सिल घेऊन. ती समोर बसली आहे. ती डायरी मी जपून ठेवली आहे, पण आता तिच्यात दुधाचाच हिशोब असतो.

दूध तयार झालेलं दिसतंय. जास्त वेळ घेतला, क्षमा असावी. सर्वांना कोजागरीच्या शुभेच्छा, आणि उद्या रात्री सगळ्यांना शांत झोप लागो.